बुंध्यावरची नोटीस कोण वाचतं?



पावसाळा तोंडावर आला की आपल्या मोहल्ल्यात दोन आवाज सुरू होतात. एक पत्रे ठोकण्याचा आणि दुसरा झाड कापण्याच्या यंत्राचा. पहिल्या आवाजाने आपण सावध होतो, कारण आपलेही छप्पर गळत असते. दुसऱ्या आवाजाकडे कुणी मान वळवून पाहत नाही. "पालिकेची माणसं असतील," असे म्हणून भाभी खिडकी लावून घेतात, कारण भुसा आत येतो. संध्याकाळी ट्रक निघून जातो. दुसऱ्या दिवशी ऊन नेहमीपेक्षा लवकर ओट्यावर येते, तेव्हा लक्षात येते की कोपऱ्यावरचा कडुलिंब गेला.

ती माणसे पालिकेची असतील किंवा नसतील. पालिकेची असली तरी त्यांच्या हातात परवानगीचा कागद असायला हवा. आणि तो कागद तयार होण्याआधी दुसरा एक कागद त्या झाडाच्या बुंध्यावर लागलेला असायला हवा. या दुसऱ्या कागदाविषयी या महिन्यात लिहायचे आहे. वीजबिल, रेशनकार्ड, शाळेचा दाखला हे कागद आपण नीट वाचतो आणि जपून ठेवतो. बुंध्यावरचा कागदही आपल्यासाठीच लिहिलेला असतो, पण तो आपण वाचत नाही.

कायदा कोणत्या झाडाला लागू?

महाराष्ट्रातल्या शहरांसाठी या विषयाचा मुख्य कायदा १९७५ सालचा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, असे त्याचे लांबलचक नाव. महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत तो चालतो. या कायद्याप्रमाणे प्रत्येक पालिकेत वृक्ष प्राधिकरण असते आणि काम पाहायला वृक्ष अधिकारी असतो. बोलताना आपण 'उद्यान विभाग' म्हणतो, तिथे चौकशी केली की हा अधिकारी कोण ते कळते. झाडांची परवानगी देणे एवढेच या प्राधिकरणाचे काम नाही. दर पाच वर्षांनी शहरातल्या झाडांची गणना करणे आणि नवी झाडे लावून घेणे हीदेखील त्याचीच जबाबदारी आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. झाड कुणाच्या जमिनीवर आहे याने या कायद्याला फरक पडत नाही. रस्त्यावरचे झाड, सरकारी कचेरीतले झाड, सोसायटीच्या आवारातले झाड आणि आपल्या स्वतःच्या परसातले झाड, सगळ्यांना एकच नियम. मशिदीचे अंगण, मदरशाचे आवार, ईदगाह आणि कब्रस्तान यांनाही तोच. "अपनी जमीन, अपना झाड, इसमें पालिका का क्या?" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकले आहे. त्याचे उत्तर कायद्यात स्पष्ट दिलेले आहे: जमीन तुमची असो वा नसो, आधी परवानगी.

दुसरी गोष्ट 'तोडणे' या शब्दाची. कायद्याच्या भाषेत झाड तोडणे म्हणजे फक्त करवत लावणे नव्हे. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे, हे सगळे 'तोडणे' या शब्दात येते. बुंध्याची साल गोल काढून ठेवणारे, मुळाशी ॲसिड ओतणारे आणि "आपोआप वाळलं" असे सांगणारे लोक प्रत्येक शहरात असतात. कायदा लिहिणाऱ्यांना ते माहीत होते. परवानगीशिवाय पाडलेले प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो आणि शिक्षेत दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे.

अर्जापासून करवतीपर्यंत

ज्याला झाड तोडायचे आहे त्याने वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचा. झाड कुठे आहे त्याचा नकाशा आणि का तोडायचे त्याचे कारण द्यायचे. मग अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जाऊन झाड पाहायचे, चौकशी करायची. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि त्या झाडावर, लोकांना दिसेल अशा जागी, नोटीस लावायची. हरकती आल्या तर त्यांचा विचार करायचा. त्यानंतरच होकार किंवा नकार.

नोटिशीत हरकत घेण्याची मुदत लिहिलेली असते. ही मुदत दिवसांत मोजतात, महिन्यांत नाही. लग्नाच्या घाईत किंवा परीक्षेच्या दिवसांत ती कधी संपली हे कळतसुद्धा नाही.

आणि इथे कायद्यात एक कलम आहे, ते मला प्रत्येक आईबापांना वाचून दाखवावेसे वाटते. अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत प्राधिकरणाने आपला निर्णय अर्जदाराला कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे समजले जाते. म्हणजे फाईल टेबलावर पडून राहिली तरी झाड जाऊ शकते. ज्याला झाड नको असते तो कचेरीत फेऱ्या मारतो, फाईल कुठे आहे ते विचारतो. ज्यांना झाड हवे असते ते घरी बसून हळहळतात. कचेरीला एकाच बाजूची माणसे दिसतात.

झाड तोडूच द्यायचे नाही, असेही हा कायदा म्हणत नाही. झाड मेलेले असेल, रोगाने पोखरलेले असेल, वाऱ्याने उन्मळलेले असेल, त्याच्यामुळे जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल, रहदारीला अडथळा होत असेल, तर परवानगी नाकारू नये असे त्यात म्हटले आहे. हे योग्यच आहे. झाड किंवा फांदी अंगावर पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. शाळेच्या फाटकावर वाळलेली फांदी लोंबत असेल तर ती उतरवलीच पाहिजे, आणि तीही पावसाच्या आधी. प्रश्न असतो तो कारण खरे आहे का, हे पाहण्याचा. 'धोकादायक' हा शब्द अर्जावर लिहायला फार सोपा आहे. तो खरा की खोटा हे झाडाखालून रोज जाणाऱ्या माणसाला कचेरीतल्या माणसापेक्षा आधी कळते.

'हरकत' म्हणजे काय, मॅडम?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. नववीला मराठीत पत्रलेखन असते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा वर्गात मला विचारू लागला, "मॅडम, झाडाने काय हरकत केली?" वर्ग हसला. पण तो गंभीर होता. कब्रस्तानातल्या चिंचेवर त्याने एक कागद पाहिला होता आणि त्यावर 'हरकत' हा शब्द होता. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, नाहीतर खोडी. मराठीत हरकत घेणे म्हणजे आक्षेप घेणे. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याने दोन घरे केली आहेत. त्या दिवशी आमचा तास या एका शब्दावर गेला. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्या नोटिशीचा मजकूर वहीत उतरवून आणला.

कब्रस्तानात रस्त्याच्या बाजूला चिंचेची तीन मोठी झाडे होती. तिन्ही तोडण्यासाठी अर्ज झाला होता आणि कारण एकच दिले होते: धोकादायक. खरे कारण मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होते. कब्रस्तानची भिंत दोन ठिकाणी पडली होती. रात्री कुत्री आत शिरत. भिंतीला पैसे नव्हते आणि एका लाकूड व्यापाऱ्याने तिन्ही झाडांची बरी किंमत सांगितली होती. मुतवल्ली साहेब लोभी माणूस नाहीत. ज्यांची अम्मी, ज्यांचे अब्बा तिथे दफन आहेत त्या लोकांची बोलणी तेच रोज ऐकत होते. त्यांना भिंत हवी होती आणि समोर दिसत होता तो हा एकच मार्ग.

पण त्या चिंचांखाली काय होते तेही सांगायला हवे. मे महिन्यात जनाजा येतो तेव्हा माती देईपर्यंत माणसे तिथेच उभी राहतात. कब्र खोदणारे चाचा दुपारी तिथेच बसतात. आमच्या शाळेच्या मुली त्या भिंतीच्या सावलीने घरी जातात. ज्यांना जमातीच्या बैठकीत बोलायला जागा नसते अशा बायांचा आणि मुलांचा त्या सावलीशी रोजचा संबंध होता.

मुलांनी पत्रे लिहिली. त्यात "झाडे वाचवा" एवढेच लिहायचे नाही असे मी बजावले होते. पत्रात त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. तिन्ही झाडे वेगवेगळी तपासावीत. कोणत्या झाडाला काय धोका आहे ते लेखी सांगावे. फांद्या छाटून काम होत असेल तर झाड तोडू नये. पालकांच्या सह्या घेऊन पत्रे मुदतीत पालिकेत दिली आणि पोच घेतली.

वृक्ष अधिकारी आले. त्यांनी बुंध्यावर हातोडीने ठोकून पाहिले, मुळाशी सळई घालून पाहिली. एक झाड आतून पोकळ निघाले आणि ते कब्रस्तानाबाहेर रस्त्याकडे झुकलेले होते. ते तोडायला परवानगी मिळाली आणि ती बरोबर होती. उरलेल्या दोन झाडांच्या वाळक्या फांद्या उतरवल्या आणि ती दोन्ही आज उभी आहेत. भिंतीसाठी मोहल्ल्यात वर्गणी निघाली. एक बाजू बांधून झाली आहे, दुसरीला अजून पैसे जमायचे आहेत. काही ज्येष्ठ मंडळींना वाटले, मुलांना आमच्याविरुद्ध उभे केले. मुतवल्ली साहेब सलामाचे उत्तर देतात, पण पूर्वीसारखे थांबून बोलत नाहीत. हेही मी इथे लिहिते, कारण हरकत घेतली की कुणीतरी नाराज होते. ती घेणाऱ्याला हे आधीच माहीत असलेले बरे.

उशिरा मिळालेली स्थगिती

हरकत घेतली म्हणजे झाड वाचतेच असे नाही. मुंबईच्या आरे वसाहतीचे उदाहरण ताजे आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला. त्यातली २,१८५ तोडायची होती आणि ४६१ उपटून दुसरीकडे लावायची होती. लोकांनी हरकती घेतल्या होत्या, सुनावणी झाली होती. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री यंत्रे सुरू झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानून ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती.

दोन-तीन दिवसांत दोन हजारांवर झाडे. न्यायालयाचा दरवाजा उघडेपर्यंत करवत वाट पाहत नाही, हे त्यातून शिकावे. म्हणून झाडाची खरी सुनावणी वृक्ष प्राधिकरणासमोर असते आणि खरी मुदत बुंध्यावरच्या नोटिशीतली असते. न्यायालये कधी कडक होतात, तेही खरे. आरेच्याच प्रकरणात ८४ झाडांची मुभा असताना १७७ झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो कंपनीला दहा लाख रुपये भरायला लावले. मार्च २०२५ मध्ये मथुरा-वृंदावन भागात विनापरवाना पाडलेल्या ४५४ झाडांसाठी झाडामागे एक लाख रुपये दंड कायम ठेवला. पण दंड भरून सावली परत येत नाही.

एका झाडाच्या बदल्यात किती?

झाड तोडायची परवानगी देताना त्याच्या बदल्यात नवी झाडे लावण्याची अट घालता येते. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि या हिशेबाला वेगळे वळण मिळाले. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला आता 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्ष म्हणतात. आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी रोपे लावायची. साठ वर्षांची चिंच तोडली तर साठ रोपे. रोपे बोटभर उंचीची चालत नाहीत, माणसाच्या उंचीची लागतात, आणि ती लावून सोडून द्यायची नाहीत, सात वर्षे जगवायची.

कागदावर हे छान आहे. आमच्याकडे त्या एका पोकळ चिंचेच्या बदल्यात रोपे लावायची वेळ आली तेव्हा कब्रस्तानात एवढी जागाच नव्हती. काही ईदगाहच्या कडेने लागली, काही शाळेच्या मैदानावर. दोन उन्हाळे गेले. आज निम्मी उभी आहेत. काही बकऱ्यांनी खाल्ली, काही मे महिन्याच्या सुट्टीत पाण्यावाचून वाळली. त्यामुळे एखादा बिल्डर "आम्ही शंभर झाडे लावू" म्हणाला तर विचारा: कुठे लावणार? पाणी कोण घालणार? सात वर्षांनी मोजणार कोण? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागा.

रोप लावण्याचे महत्त्व या मासिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. झाड लावणाऱ्याला, त्याचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले तरी सदक्याचे पुण्य मिळते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मदिना शरीफच्या परिसरातली झाडे तोडण्याची मनाई होती, हेही आपल्याला माहीत आहे. हे ऐकून डोळे पाणावतात आणि तरी मशिदीच्या नव्या फरशीसाठी पहिला बळी अंगणातल्या बदामाचा जातो. नमाजींना वजूनंतर उभे राहायला सावली लागते, हे नकाशा काढणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवे.

नोटीस न लावता मरणारी झाडे

काही झाडांवर नोटीस कधी लागतच नाही. त्यांना आपण हळूहळू मारतो. सगळ्यांत जास्त झाडे मरतात ती पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटने. आपल्याला वाटते मुळे खूप खोल असतात. खोल जाणारी काही असतात, पण अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या एक-दोन फूट मातीतच पसरलेली असतात. त्यांना पाणी लागते तशी हवाही लागते. बुंध्याला चिकटून सिमेंट ओतले की दोन्ही बंद होते. झाड लगेच मरत नाही. चार-पाच वर्षांनी पानगळ वाढते, शेंडा वाळतो, आणि एका पावसाळी रात्री ते गाडीवर कोसळते. मग आपण म्हणतो, झाडे फार धोकादायक असतात.

दिल्लीतील झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये सांगितले की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, आणि झाडांवरचे खिळे, जाहिराती, तारा काढाव्यात. आपल्या गल्लीतला ठेकेदार काम करताना समोर असतो तेव्हाच त्याला एक मीटर दोरीने मोजून दाखवावे. सिमेंट वाळल्यावर तो परत येत नाही. बुंध्याशी कचरा जाळणे, क्लासची पाटी ठोकणे, गाड्यावरचे उकळते पाणी मुळाशी ओतणे, बांधकामाचा राडारोडा आळ्यात टाकणे, ही सगळी इजाच आहे. आणि 'इजा' हा शब्द कायद्यात आहे, हे वर सांगितलेच.

फांद्या छाटतानाही एक काळजी घ्यावी. खिडकीकडच्या सगळ्या फांद्या कापून रस्त्याकडच्या तशाच ठेवल्या तर झाडाचा तोल जातो. छाटणी दोन्ही बाजूंनी, पावसाच्या आधी आणि पालिकेला कळवून व्हावी.

गावाकडच्या वाचकांसाठी

आपले बरेच वाचक गावात राहतात. तिथे १९६४ सालचा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम पाहावा लागतो. त्याला सोळा जातींच्या झाडांची यादी जोडलेली आहे. त्यात साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, ऐन, किंजळ, अंजन अशी जंगलातली झाडे आहेतच. पण आंबा, फणस, जांभूळ आणि चिंच ही आपल्या परसातली झाडेही आहेत, आणि खाडीकाठचे तिवरसुद्धा. कोकणातल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. वाडीतला जुना आंबा लाकडासाठी द्यायचा ठरला तर व्यापाऱ्याच्या "परवानगीचं मी बघतो" या शब्दावर राहू नये. वन विभागाच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारावे. चौकशी झाली तर सातबारावर ज्याचे नाव आहे त्याला बोलावतात.

पत्र कसे लिहावे?

हरकतीचे पत्र लिहायला वकील लागत नाही. साधा कागद, निळी शाई आणि पाच गोष्टी लागतात: झाड कुठे आहे, कोणते आहे, केवढे आहे, तुमचे म्हणणे काय आणि तुम्ही कोण. 'केवढे' यासाठी शिवणकामाची टेप घ्या. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, बुंध्याचा घेर मोजा. टेप पुरली नाही तर दुपट्टा गुंडाळा आणि मग दुपट्टा मोजा. मुलांना हे काम फार आवडते. मोबाईलवर झाडाचा आणि नोटिशीचा फोटो काढून ठेवा, नोटीस पावसात गळून पडते.

हा नमुना कापून ठेवावा.

प्रति,
मा. वृक्ष अधिकारी,
(शहराचे नाव) नगरपालिका.

विषय : (ठिकाण) येथील (झाडाचे नाव) तोडण्यास हरकत.

महोदय,
वरील ठिकाणच्या झाडावर (तारीख) रोजी लावलेली नोटीस मी वाचली. या झाडाचा घेर (इतके) सेंटिमीटर आहे आणि परिसरातील जाणत्या माणसांच्या माहितीप्रमाणे ते (इतक्या) वर्षांचे आहे. मी याच परिसरात राहते/राहतो. हे झाड तोडण्यास माझी हरकत आहे, कारण (कारण लिहावे). झाडाची जागेवर पाहणी करून धोका आहे किंवा नाही ते लेखी नोंदवावे. फांद्या छाटून काम होत असल्यास तसा आदेश द्यावा. सुनावणी असल्यास मला कळवावे. निर्णयाची प्रत मिळावी, ही विनंती.

आपली/आपला,
(नाव, पत्ता, सही, तारीख)

पत्राच्या दोन प्रती करा. एक आवक-जावक खिडकीवर द्या आणि दुसरीवर शिक्का व तारीख घ्या. शिक्क्याशिवाय परतू नका. अर्ज कुणी केला, पाहणी झाली का, परवानगी कोणत्या अटींवर दिली, हे तोंडी सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नोटीस नसताना झाड तोडताना कुणी दिसले तर भांडू नका. परवानगीचा कागद दाखवा, एवढेच शांतपणे म्हणा, फोटो काढा आणि उद्यान विभागाला व पोलिसांना फोन करा.

आणि एक विनंती. झाडाचे वय लिहिताना अंदाजाने आकडा टाकू नका. पन्नास वर्षांची मर्यादा कायद्यात आहे, त्यामुळे तिथे शब्दाला किंमत आहे. घरातल्या दादीला, नानीला विचारा. "माझं लग्न झालं तेव्हा या चिंचेला झोके बांधले होते," असे त्या सांगतील. ते साल पत्रात लिहा. दादीला मराठी लिहिता येत नसेल तर पत्र नातीने लिहावे आणि खाली दादीचा अंगठा घ्यावा.